विश्लेषण : मुलांची शाळा घरीच... पण घरातले कोण शिकवणार?

जून उजाडला की घराघरांत दप्तर, रेनकोट, वह्यांना घालायची खाकी कव्हरे आणि रिक्षावाल्या काकांचे वाढलेले दर यांची चर्चा सुरू होते. पुण्या-मुंबईतील काही मोजक्या घरांत मात्र ही धांदल नसते. तिथले सहा-सात वर्षांचे मूल शाळेत जात नाही, घरीच शिकते. शाळेचे न परवडणारे शुल्क, पाठांतराचा कंटाळा, बसचा लांबचा प्रवास, मुलाचे शाळेत न रमणे, अशी कारणे घरागणिक वेगळी असतात. निर्णय घेण्याआधी पालक अभ्यासक्रमाबद्दल, परीक्षांबद्दल, ‘मूल चारचौघांत मिसळेल का’ याबद्दल पुष्कळ वाचतात. एक प्रश्न मात्र बहुधा शेवटी, आणि तोही शिकवणे सुरू झाल्यावरच पुढे येतो. दोन वेळचा स्वयंपाक, धाकटे मूल, सासू-सासऱ्यांची औषधे, घरून चालणारी नोकरी हे सगळे होते तसेच असताना शिकवायचे कोणी आणि कधी?

गृहशिक्षण म्हणजे नेमके काय?

मुलाचे नाव कोणत्याही शाळेत न घालता त्याच्या शिक्षणाची सगळी जबाबदारी पालकांनी स्वतःकडे घेणे म्हणजे गृहशिक्षण, अर्थात होमस्कूलिंग. शाळेनंतरची शिकवणी म्हणजे गृहशिक्षण नव्हे. पटावर नाव ठेवून मुलाला वर्षभर घरी बसवणे हेही गृहशिक्षण नव्हे. करोनाकाळात घरोघरी जे चालले होते, ते तर मुळीच नव्हे. मार्च २०२० पासून जवळपास पावणेदोन वर्षे राज्यातील पहिली-दुसरीचे वर्ग प्रत्यक्ष भरले नाहीत. त्या काळात शाळा मोबाइलच्या पडद्यावर आली होती. वेळापत्रक, गृहपाठ, चाचणी सारे शाळेचेच होते आणि आई-वडील फक्त हजेरी लावून घेत होते. गृहशिक्षणात काय, कधी आणि कशाने शिकवायचे हे घर ठरवते. मोकळीक तिथे आहे आणि ओझेही तिथेच.

मराठी घरांना घरचे शिक्षण नवे नाही. सावित्रीबाई फुले, आनंदीबाई जोशी, रमाबाई रानडे यांची अक्षरओळख घरातच झाली. रमाबाईंच्या आठवणी वाचल्या तर एक गोष्ट लक्षात येते. पती शिकवायला तयार होते, तरी माणसांनी भरलेल्या त्या घरातील बायकांची नाराजी, टोमणे आणि कामे यांतून वाट काढत त्यांना शिकावे लागले. घरातले काम आणि घरातला अभ्यास यांची ही ओढाताण आजही संपलेली नाही. फरक एवढाच की तेव्हा ती शिकणारीच्या वाट्याला येत होती, आता शिकवणारीच्या वाट्याला येते.

कायदा काय सांगतो?

थोडक्यात सांगायचे तर बंदी नाही आणि स्पष्ट परवानगीही नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटासाठी आहे. या वयाच्या मुलाला शाळेत प्रवेश मिळवून देणे हे पालकांचे कर्तव्य असल्याचे कायद्याचे कलम १० सांगते. मात्र ते न पाळणाऱ्या पालकाला या कायद्यात दंड किंवा शिक्षा नाही. मान्यता न घेता शाळा चालवणाऱ्यांसाठी दंडाच्या तरतुदी आहेत. त्यामुळे सोसायटीतील आठ-दहा मुले जमवून रोज वर्ग भरवणाऱ्यांनी आपण ‘घर’ आहोत की ‘शाळा’, याचा विचार केलेला बरा.

केंद्र सरकारची भूमिकाही स्थिर राहिलेली नाही. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयातील एका प्रकरणात केंद्राने, स्वेच्छेने गृहशिक्षण निवडणाऱ्या पालकांच्या आड हा कायदा येत नाही असे सांगितले आणि पुढे ही भूमिका बदलली. कायद्याने घरच्या शिक्षणाचा पर्याय शब्दांत दिला आहे तो एकाच गटाला. २०१२ च्या दुरुस्तीनुसार बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय निवडता येतो. इतर मुलांबाबत कायद्याचे मौन आहे.

या मौनाचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या सोयीने लावतो. सरकारी नोंदीत मात्र शाळेच्या पटावर नसलेले सात वर्षांचे मूल ‘शाळाबाह्य’ ठरते. वीटभट्टीवर आई-वडिलांसोबत राबणारे मूल आणि घरी आईकडून अपूर्णांक शिकणारे मूल, दोघांसाठी रकाना एकच. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक दारात आले की पालक गडबडतात ते यामुळे. वर्षातून एकदा स्थानिक शिक्षण विभागाकडे साधी नोंद करण्याची सोय झाली, तर दोघांचाही प्रश्न सुटेल. प्रशासनाला खऱ्या शाळाबाह्य मुलांपर्यंत पोहोचता येईल आणि या घरांनाही लपूनछपून राहावे लागणार नाही.

एक दिलासा मात्र आहे. कायदा सहाव्या वर्षापासून लागू होतो. नर्सरी, छोटा शिशू, मोठा शिशू यांची सक्ती कोणत्याही पालकावर नाही. तीन ते सहा या वयात मूल घरी राहिले तर त्यात बेकायदा काहीच नाही. ज्यांना गृहशिक्षण आपल्याला जमेल का हे पाहायचे आहे, त्यांच्यासाठी ही तीन वर्षे फुकटची चाचणी आहे.

दिवसाला किती तास शिकवावे लागते?

पालकांची सर्वात मोठी भीती तासांची असते. शाळा पाच-सहा तास भरते, तेवढा वेळ घरी कसा काढायचा? इथे थोडा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन अपेक्षित आहे. म्हणजे दिवसाला चार तास, अर्थात २४० मिनिटे. प्राथमिक वर्गाचे प्रमाण ३० मुलांमागे एक शिक्षक. भागाकार केला तर एका मुलाच्या वाट्याला शिक्षकाची आठ मिनिटे येतात. हा हिशेब ढोबळ आहे, कारण शिक्षक सगळ्यांना एकत्र शिकवतात आणि मुले एकमेकांकडूनही शिकतात. तरीही घरी समोरासमोर बसून घेतलेला तासभर किती मोठा असतो, याचा अंदाज त्यातून येतो.

केंद्राचे २०२० चे दप्तर धोरण दुसरीपर्यंतच्या मुलांना गृहपाठच नको म्हणते. तिसरी ते पाचवीसाठी मर्यादा आठवड्याला दोन तासांची आहे. त्याच वर्षीचे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तीन ते आठ हे वय ‘पायाभूत’ मानून खेळ, गोष्टी आणि हाताने करून पाहणे यांवर भर देते. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी रोजची एक-दीड तासाची बैठक, तीही तुकड्या-तुकड्यांत, पुरेशी होते. तेव्हा तास ही खरी अडचण नाही.

मग अडते कुठे?

डोळ्यांसमोर एक घर आणू. डोंबिवलीत असेल, हडपसरला असेल. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि सहा माणसे. सात वर्षांची मुलगी, अडीच वर्षांचा मुलगा, आई-बाबा, आजी-आजोबा. बाबा सकाळी सव्वाआठची लोकल पकडतात. आई घरून अर्धवेळ काम करते. पाणी सकाळी दीड तास येते. नऊपर्यंत डबा, चहाच्या दोन फेऱ्या आणि आजोबांची रक्तदाबाची गोळी झालेली असते. साडेनऊला अभ्यासाला बसायचे ठरलेले असते. बसल्यावर पाच मिनिटांत बेल वाजते, कामाच्या मावशी येतात. भांडी घासायला देऊन परत बसावे, तर धाकट्याने ताईचा खोडरबर तोंडात घातलेला असतो. तो काढेपर्यंत कुरियरवाला येतो. मग कामाच्या ग्रुपवर मेसेज येतो, ‘दहा मिनिटांत कॉलवर या.’ मुलगी विचारते, ‘आई, झाला माझा अभ्यास?’ वहीवर तारीख तेवढी लिहून झालेली असते.

हे घर कुणा एकाचे नाही, पण असा दिवस अनेकांनी काढलेला आहे. त्यातली सगळ्यात थकवणारी गोष्ट कामांची संख्या ही नसते. थकवते ते एक साधे वाक्य. ‘तू घरीच आहेस ना, तेवढं बँकेत जाऊन ये.’ घरीच आहेस ना, तर गॅसवाल्याला दार उघड. घरीच आहेस ना, तर दुपारी आत्याबाई येणार आहेत, थोडा शिरा कर. शाळेतील शिक्षिकेला वर्ग सुरू असताना कुणी पीठ चाळायला सांगत नाही. घरी शिकवणारी आई मात्र घराच्या लेखी मोकळीच असते.

आकडेही हेच दाखवतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार, बिनपगारी घरकाम करणाऱ्या महिला त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात. पुरुषांची सरासरी ८८ मिनिटे आहे. मुले आणि वडीलधाऱ्यांच्या देखभालीत महिलांची १३७ मिनिटे जातात, पुरुषांची ७५. दोन्ही कामे अंगावर असलेल्या बाईचे दिवसाला साधारण सात तास गृहशिक्षण सुरू होण्याआधीच संपलेले असतात. त्यावर शिकवण्याचा दीड तास, तयारीचा अर्धा तास आणि ‘आज काहीच झाले नाही’ ही रात्रीची खंत यांची भर पडते.

म्हणूनच मुलाला शाळेतून काढण्याचा निर्णय दोघांचा आणि ते निभावणे एकीचे, असे ज्या घरात होणार असेल, तिथे तो न घेतलेला बरा. तिथे मुलाला वेगळे शिक्षण मिळत नाही, आईला आणखी एक पाळी मिळते. चिडलेल्या, थकलेल्या माणसाकडून शिकण्यापेक्षा तीस मुलांच्या वर्गात बसून शिकणे मुलाला कितीतरी सुखाचे असते.

भरल्या घरात ज्यांना जमते, ते काय करतात?

त्यांनी सगळ्यात आधी घड्याळाची वेळ सोडलेली असते. ‘साडेनऊ’ कधीच साडेनऊला होत नाहीत. त्याऐवजी अभ्यास रोजच्या एखाद्या कामाला बांधला जातो. नाश्त्याच्या बशा उचलल्या की वाचन, धाकटा दुपारी झोपला की गणित, दिवेलागणीनंतर गोष्ट. नाश्ता उशिरा झाला तर वाचनही उशिरा होते, पण बुडत नाही. बैठक वीस मिनिटांची आणि एकाच गोष्टीची असते. वीस मिनिटांत ‘घर’, ‘नळ’, ‘कमळ’ यांतून पुढे सरकत मूल काना-मात्रांपर्यंत यायला काही आठवडे लागतात. ते आठवडे घाई न करता लागू द्यायचे असतात.

धाकटे मूल ही मोठीच परीक्षा असते. त्याला बाजूला ठेवून मोठ्याला शिकवता येत नाही, हे कळायला बहुतेकांना महिनाभर लागतो. मग त्याच्याही हातात काम दिले जाते. कणकेचा गोळा, वाट्या-झाकणे, जुनी पेटी. डाळी, मणी, नाणी नकोत, या वयात सगळे तोंडात जाते. गोष्ट दोघांना एकत्र ऐकवता येते. थोडे वाचू लागलेली ताई धाकट्याला वाचून दाखवते, तेव्हा तिचा सरावही होतो आणि आईला पोळ्या लाटायला पंधरा मिनिटे मिळतात. मराठीतील छोट्या गोष्टींची पुस्तके ‘स्टोरीव्हीवर’ या संकेतस्थळावर आणि बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. तेव्हा पुस्तकांवर फार खर्च होत नाही.

घरातल्या वस्तू तर आयत्याच असतात. तीन वाट्या पाण्याला एक वाटी तांदूळ, तर दोन वाट्या तांदळाला किती पाणी? पोळीचे चार तुकडे केले की पाव, अर्धा, पाऊण डोळ्यांना दिसतात. मटार सोलताना दहा-दहाचे ढीग घातले की दशक आपोआप समजते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचे खाडे मांडायचे काम मुलाकडे दिले, तर महिनाअखेरीस वजाबाकी आणि गुणाकार दोन्ही होतात. वर दूधवाल्याशी हिशेब करायचा आत्मविश्वास येतो तो वेगळाच. एसटीच्या पाट्या, दुकानांची नावे, भाजीवाल्याच्या पुठ्ठ्यावर खडूने लिहिलेला भाव, हे सगळे वाचनाचे धडेच आहेत.

ही कल्पना परदेशातून आलेली नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बिया, खडे, पाने, काड्या अशा फुकटच्या साहित्यावर बालशिक्षण उभे केले. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळा कुरणात नेली. महागडे लाकडी संच मागवून ‘मॉण्टेसरी कोपरा’ सजवणाऱ्या पालकांनी तो खर्च करण्याआधी कोसबाडची आठवण ठेवायला हरकत नाही.

पण स्वयंपाकघरात सगळेच गणित येते, हे समाजमाध्यमांवरचे गोड चित्र अर्धेच खरे आहे. हातची वजाबाकी मटार सोलून येत नाही. जोडाक्षरे, शुद्ध लिहिण्याची सवय, उदाहरण क्रमाने मांडणे यांसाठी वही-पेन्सिल घेऊन बसावेच लागते, कंटाळा आला तरी. ते टाळत गेलेली दोन-दोन वर्षे मूल चौथीच्या वयाचे झाले की अंगावर येतात.

आणि वडिलांचे काय? ‘मदत करतो’ या शब्दाने फारसे काही होत नाही. मदत मागावी लागते, आठवण करून द्यावी लागते. ज्या घरांत हे टिकते तिथे एखादा विषय पूर्णपणे वडिलांचा असतो. समजा गणित. मग पुस्तक आणणे, पुढे काय शिकवायचे ठरवणे, शिकवणे, वही तपासणे सगळे त्यांचे. रात्री साडेआठला लोकलमधून थकून आले तरी पंचवीस मिनिटे त्यांची. रविवारी सकाळी दोन्ही मुले त्यांच्याकडे आणि आई चार तास घराबाहेर. याशिवाय कोणते काम कमी करायचे तेही ठरवावे लागते. आठवड्यातून तीन दिवस पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणणे हा या घरांत आळस मानला जात नाही. सणावारी फराळाचे दोन पदार्थ कमी होतात. घडी न केलेल्या कपड्यांचा ढीग खुर्चीवर पडून राहतो आणि पाहुण्यांना तो दिसतो.

आजी-आजोबांची बाजू कोणती?

बहुतेक घरांत पहिला विरोध त्यांचाच असतो. ‘लोक काय म्हणतील’ हे त्यामागचे एक कारण, पण एकमेव नव्हे. त्यांच्या पिढीने शाळेसाठी मैलोन्‌मैल पायपीट केली. पायाशी आलेली शाळा नातवाने सोडावी, हे त्यांना पटत नाही. या विरोधाला मागासलेपणा म्हणून उडवून लावणे सोपे असते, पण त्यांनी विचारलेला ‘याला दाखला कोण देणार?’ हा प्रश्न अगदी नेमका असतो.

त्यांना शिकवण्यात ओढले की चित्र बऱ्याचदा बदलते. पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ असलेले आजोबा अपूर्णांकांसाठी घरातले सगळ्यात चांगले शिक्षक असू शकतात. इथे गमतीचा एक पेचही येतो. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची पद्धत आणली, तेव्हा राज्यभर वाद झाला होता. आजोबा ‘त्रेसष्ट’ म्हणतात आणि पुस्तकात ‘साठ तीन’ दिसते, तेव्हा मूल गोंधळते. घरात शिकवणारे तीन जण असतील तर आठवड्यातून एकदा आपापसांत बोलून घ्यावे लागते, तेही मुलांसमोर नव्हे.

शाळा सोडली की काय काय सुटते?

मित्र हे उत्तर लगेच सुचते आणि ते खरे आहे. पण शाळा गुपचूप करत असलेली इतर कामेही सुटतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि सरकारी, अनुदानित शाळांत मुलांची आरोग्य तपासणी करतात. जंतनाशक गोळ्यांचे वाटपही तिथेच होते. मुलाला फळ्यावरचे दिसत नाही, हे अनेकदा आधी बाईंच्या लक्षात येते. घरात फळा नसतो. तेव्हा डोळे, दात, कान यांची तपासणी आणि पाच-सहा वर्षांच्या वयातील लसीचा डोस पालकांनी स्वतः आठवणीने करायचा असतो. आणखी एक गोष्ट बोलली जात नाही. मुलाच्या अंगावरचा वळ, त्याचे अचानक गप्प होणे घराबाहेरच्या मोठ्या माणसाला दिसावे, हीदेखील शाळेची एक भूमिका आहे. घरी शिकणाऱ्या मुलाच्या आयुष्यात खेळाचे प्रशिक्षक, ग्रंथपाल, गाण्याच्या बाई अशी घराबाहेरची दोन-तीन मोठी माणसे नियमित असायला हवीत, ती केवळ छंदासाठी नव्हे.

२५ टक्के राखीव जागांतून ज्यांना खासगी शाळेत मोफत प्रवेश मिळाला आहे, त्यांनी विशेष विचार करावा. ती जागा मुख्यतः प्रवेशाच्या वर्गातच मिळते. एकदा सोडली की मधल्या इयत्तेत परत मिळण्याची आशा धरता येत नाही.

दुसरी बाजूही आहे. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण भारताच्या पाहणीत सरकारी शाळांमधील तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला. पटावर नाव आहे म्हणजे मूल शिकतेच असे नाही. शाळेबाहेरचे प्रत्येक मूल बुडते असेही नाही. सातवीनंतर शाळा सोडून घरी शिकलेल्या मुंबईच्या एका मुलीने आंतरराष्ट्रीय प्रोग्रामिंग ऑलिम्पियाडमध्ये पदके मिळवली आणि २०१६ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत प्रवेश मिळवला. बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीचे दार तिला बंद होते. या यशाची गोष्ट खूप सांगितली जाते, त्यातले बंद दार मात्र सांगायचे राहून जाते.

पुढे परीक्षांचे काय?

आठवीपर्यंत चिंता कमी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ नुसार कधीच शाळेत न गेलेल्या किंवा मध्येच सोडलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. वर्ष सुरू झाले किंवा वयाचा पुरावा नाही, या कारणांवरून प्रवेश नाकारता येत नाही. म्हणजे गृहशिक्षण जमले नाही तर परत फिरायची वाट चौदाव्या वर्षापर्यंत मोकळी आहे. सलग तीन आठवडे एकही बैठक झाली नाही, रोजचा अभ्यास रडारडीत संपतो आहे, आईचे आजारपण वाढले आहे, असे दिसले तर ती वाट धरण्यात कमीपणा नाही.

त्यानंतर प्रमाणपत्र लागतेच. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हा सर्वाधिक वापरला जाणारा मार्ग आहे. तिच्या मुक्त मूलभूत शिक्षणात ‘अ’ स्तर तिसरीच्या, ‘ब’ पाचवीच्या आणि ‘क’ आठवीच्या बरोबरीचा मानला जातो. दहावीसाठी किमान वय १४ आणि बारावीसाठी १५ वर्षे. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होतात. राज्यानेही मुक्त विद्यालय मंडळ सुरू केले असून तिथे पाचवी, आठवी आणि दहावीच्या परीक्षा देता येतात. याशिवाय राज्य मंडळाचा जुना, सर्वांना ठाऊक असलेला ‘१७ नंबरचा फॉर्म’ भरून खासगीरीत्या दहावी-बारावीला बसता येते. त्यासाठी मात्र शाळा सोडल्याचा दाखला मागितला जातो. मूळ दाखला नसेल तर द्वितीय प्रत आणि प्रतिज्ञापत्र लागते. कधीच शाळेत न गेलेल्या मुलाकडे दोन्ही नसतात, म्हणून त्याच्यासाठी मुक्त विद्यालयाचा मार्ग अधिक सरळ. नियम आणि शुल्क बदलत असतात. अर्ज भरण्याच्या वर्षी संबंधित मंडळाची माहितीपुस्तिका वाचूनच पाऊल उचलावे.

कोणती कागदपत्रे जपावीत?

जन्म दाखला, आधार, लसीकरण पत्रिका आणि असल्यास जातीचे प्रमाणपत्र यांची एक फाइल हवी. पुढे जात पडताळणीच्या वेळी शाळेच्या दाखल्यावरील नोंद मागितली जाते. तेव्हा मुलाची अशी नोंद नसेल, तर वडील आणि आजोबांचे शाळेचे दाखले आत्ताच शोधून ठेवावेत. मुलाने वर्षभर काय वाचले, काय केले याची तारखांसह वही ठेवली की शाळेत परतताना कोणत्या वर्गात बसवायचे हे मुख्याध्यापकांना ठरवणे सोपे जाते. सर्वेक्षणाला आलेल्या शिक्षकांपुढेही ती ठेवता येते.

मूल आधी शाळेत जात असेल तर नुसते जाणे थांबवू नये, रीतसर अर्ज देऊन दाखला घ्यावा. नाही तर नाव पटावर राहते, गैरहजेरी वाढत जाते आणि दोन वर्षांनी दुसऱ्या शाळेत प्रवेश घेताना ऑनलाइन नोंद जुन्या शाळेतच अडकलेली सापडते. दाखला हातात पडला की तिथेच उभे राहून नाव, जन्मतारीख आणि जात या नोंदी तपासाव्यात. ‘शाळा सोडण्याचे कारण’ हा रकानाही पाहावा. तिथे ‘गृहशिक्षण’ लिहिण्याचा प्रघात नाही, लिपिक बहुधा ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे लिहितात आणि ते चालते.